शनिवारच्या तेलाचा डाग

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी लोकरीचा गळपट्टा आहे, जुना आहे आणि दोन्ही टोकांना कसरीने खाल्लेला आहे. माझ्या एका टोकावर जो तांबूस डाग दिसतो, तो पानाच्या पिंकेचा नाही आणि कुंकवाचाही नाही. तो कसला आहे हे सांगायलाच मी आज बसलो आहे. इतकी वर्षे एका माणसाच्या गळ्याशी राहिलो, सगळे पाहिले, सगळे कळले, आणि तोंडातून अक्षर काढता आले नाही. तेव्हा बोलताना मी जरा चिडलो तर चालवून घ्या.

माझा जन्म नाशिकचा. शांताबाई नावाच्या एका बाईने मला आपल्या लहानग्या गोवर्धनसाठी विणले. दुपारी सगळी कामे आटोपली की ती ओट्यावर बसायची, सुया चालवायची आणि हळू आवाजात गायची. पोर मांडीशी बसून तिच्या मागोमाग म्हणायचे. तिने मला मुद्दाम लांब विणले. मुलगा वाढत्या अंगाचा आहे, मोठेपणीही पुरेल, असा तिचा हिशेब होता. शेजारणी मला हातात घेऊन वाहवा करायच्या. तेवढे कौतुक मला पुढे कधी मिळाले नाही.

मग मानमोडीची साथ आली. खोकला, ताप आणि आठवडाभरात माणूस नाहीसा. गोवर्धनचे वडील गेले, पाठोपाठ शांताबाई गेली. तिचा भाऊ बळवंत जव्हारहून धावत आला, पण त्याच्या वाट्याला फक्त भाचा आला. परतीच्या बैलगाडीत त्याने त्या सहा वर्षांच्या पोराला मांडीवर घेतले आणि मला त्याच्या गळ्याभोवती गुंडाळले. घाटात वारा बोचत होता. पोर माझ्या उबेत झोपले. तेव्हा आपण किती कामाचे आहोत असे मला वाटले, आणि मी खूश झालो.

बळवंतमामा जव्हार संस्थानच्या कोठीवर कारकून होते. भात आणि नागली मोजून घ्यायची, गोण्या रचून ठेवायच्या, उंदीर लागणार नाही, ओल लागणार नाही हे पाहायचे, यात त्यांचे आयुष्य गेले होते. बायको फार पूर्वी वारली होती. घरात माणूस नव्हते. त्या रिकाम्या घरात अचानक एक पोर आले आणि मामांचा सगळा जीव त्याच्या गळ्यात येऊन बसला. बहीण खोकून खोकून गेली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे गोवर्धन नुसता शिंकला तरी मामा काढा उकळायला धावायचे.

थंडीत मला गळ्यात घालणे मी समजू शकतो. पण चैत्रात? जव्हारच्या उन्हाळ्यात पोराच्या मानेवर घामोळे उठायचे, तो मला ओढायचा, खाजवायचा, आणि मामा पुन्हा वेढा घट्ट करायचे. गार पाणी नाही, चिंच नाही, करवंद नाही, दही नाही. ओढ्यावर जायचे नाही. मोठ्याने हसायचेसुद्धा नाही, कारण हसताना तोंडात वारा जातो. घरी लाकडाची मोळी घेऊन पोशी यायची. ती मूळची सूर्यमाळची, लग्न होऊन जव्हारजवळच्या पाड्यावर आलेली. तिला हे बघवत नसे.

"दादा, तो पोराचा गला हाय, लोणच्याची बरनी नाय," ती एकदा म्हणाली. "जरा उघडा ठेवा."

"तुला काय कळतंय," मामा म्हणाले आणि मला आणखी एक वेढा दिला.

गोवर्धनचा आवाज आईचाच होता. तो बारा वर्षांचा असताना एकदा मामा कोठीवर गेल्यावर गावाबाहेरच्या शिरपामाळावर पळाला. तिथे चहूकडून वारा येतो. त्याने मला काढून एका दगडावर टाकले आणि आईचे एक गाणे सुरू केले. गुरे राखणारी पोरे होती तिथे थांबली. मी दगडावर पडून ऐकत होतो. तो आवाज माझ्याशिवाय जास्त मोकळा लागत होता, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही. तितक्यात मामा धापा टाकत आले. त्यांनी मारले नाही, रागावलेही नाहीत. ते त्याच्यासमोर बसले आणि रडले. "तुझ्या आईला मी काय उत्तर देऊ?" एवढेच म्हणाले. मारले असते तर बरे झाले असते. मार खाल्लेले पोर पुन्हा पळते. गोवर्धन पुन्हा कधी शिरपामाळावर गेला नाही.

पण त्या दिवशीचे गाणे शाळेतल्या मास्तरांच्या कानावर गेले. मास्तरांना नाटकाचे वेड. गावातले कारकून, दुकानदार, शाळेतले शिक्षक जमवून ते दर दसऱ्याला राजवाड्यासमोरच्या मांडवात नाटक करायचे. त्या वर्षी त्यांनी स्वतःच एक नाटक लिहिले होते. एक पोरकी राजकन्या असते. म्हातारा अमात्य तिला वाढवत असतो. ज्योतिषी सांगतो, हिला वाऱ्यापासून धोका आहे. झाले, अमात्य महालाच्या सगळ्या खिडक्या चिणून टाकतो. आत समया जळत राहतात, धूर कोंडतो, आणि राजकन्या बंद दाराशी शेवटचे गाणे म्हणत गुदमरून मरते. अमात्य दार उघडतो तेव्हा उशीर झालेला असतो. मास्तर स्वतः अमात्य होणार होते. राजकन्येसाठी त्यांना गोवर्धन हवा होता.

मामा तयार होतील असे कोणालाच वाटले नव्हते. पण मास्तरांनी गाणे म्हणवून घेतले आणि त्यात मामांना बहीण ऐकू आली. ते हो म्हणाले, मात्र अट घातली. तालमीला ते स्वतः हजर राहणार.

मित्रांनो, आता ऐका आणि मला सांगा, कोणाला हसू येईल की रडू. रोज तालमीत मामा पुढच्या सतरंजीवर बसायचे. अमात्य खिडक्या चिणायला लागला की त्यांचे डोळे भरायचे. "काय मूर्ख म्हातारा आहे," ते शेजारच्याला सांगायचे. "अहो, एक खिडकी तरी ठेवायची." आणि प्रवेश संपला की उठून गोवर्धनच्या गळ्याभोवती मला आवळायचे. मास्तर त्यांच्याकडे बघत राहायचे. मी तर संतापाने जळत असे. लोकर आहे म्हणून, नाहीतर धूर निघाला असता.

एके दिवशी तालमीनंतर गप्पा निघाल्या. कोणीतरी सांगितले की फिरत्या कंपनीतल्या एका चांगल्या गाणाऱ्या पोराला त्याच्यावर जळणाऱ्या माणसांनी विड्यातून शेंदूर दिला. पोराचा आवाज कायमचा गेला. बाकीच्यांनी चुकचुक केली आणि विषय संपला. मामांचा संपला नाही. घरी येईपर्यंत त्यांना सगळ्या जव्हारात शेंदूर दिसू लागला. हा दुकानदार गोवर्धनला बत्तासा का देतो? तालमीतला तो पेटीवाला पाणी का विचारतो? दुसऱ्या दिवसापासून तालमीला घरून पाणी, घरून खाणे. देवळातला प्रसादसुद्धा मामा आधी स्वतः चाखायचे. पोशीने एकदा रानातले करांद्याचे कंद मायेने उकडून आणले. मामांनी ते तिच्यादेखत उकिरड्यावर टाकले.

"माझ्या हाताला काय लागलाय, दादा?" तिने विचारले.

 पोशी मोळी ठेवून निघून गेली, आणि बरेच दिवस आली की अंगणातूनच परत जायची.

माणसांचा असा बंदोबस्त झाल्यावर मामा देवाकडे वळले. वेशीवर मारुती आहे. मामांनी नवस बोलला, दसऱ्यापर्यंत दर शनिवारी तेल घालीन, पोराचा गळा सांभाळ. इथपर्यंत ठीक होते. पण मारुतीच्या अंगावरून ओघळून पायाशी साचलेले तेल म्हणजे देवाची शक्ती, असे त्यांच्या मनाने घेतले. ते वाटीत धरून ते घरी आणू लागले आणि पळीपळीने गोवर्धनला पाजू लागले. मारुतीच्या अंगावर काय असते ते तुम्हाला माहीत आहे. थरांवर थर शेंदूर. तेल त्यावरूनच वाहत खाली येते. वाटीतले तेल लालभडक असायचे.

त्यात मारुतीचा काही दोष नव्हता. त्याने कोणाला ते प्यायला सांगितले नव्हते. आणि मामांच्या मनात त्या तेलाचे नाव शेंदूर नव्हतेच. शेंदूर म्हणजे वैऱ्याने दिलेला. हे म्हणजे देवाचे तेल. एकाच वस्तूला त्यांनी मनात दोन वेगळ्या कोठ्यांत ठेवले होते आणि मधे भिंत घातली होती.

"मामा, घशाला चिकटतं हे," गोवर्धन म्हणायचा.

"चिकटायलाच हवं. तिथेच राहून राखण करील," मामा म्हणायचे, आणि त्याच्या ओठांच्या कडेचा ओघळ माझ्या टोकाने पुसायचे. दर शनिवारी पुसायचे. मी रंगत गेलो. मला त्या तेलाचा वास कळत होता, त्याची खरखर कळत होती, पोराचा घोट गिळताना होणारा अडखळा माझ्या अंगाला लागत होता. सुटून खाली पडावे, मामांच्या हातात येऊन डाग त्यांच्या डोळ्यांपुढे धरावा, असे हजारदा वाटले. पण गळपट्टा आपला आपण सुटत नाही. ज्याने बांधला त्यानेच सोडावा लागतो.

श्रावणात गोवर्धनचे पोट दुखू लागले. भाद्रपदात आवाजाला चरा पडला. मामांनी निदान केले, गारठा. मग शनिवारबरोबर मंगळवारीही तेल सुरू झाले.

दसरा उजाडला. संध्याकाळी सोने लुटून झाले आणि मांडव भरला. पुढे राजवाड्यातली मंडळी, मागे गावकरी, आणि कडेला पाड्यांवरून आलेली माणसे. त्यांत पोशीही होती. रंगपटात मोठी गंमत झाली. राजकन्येच्या गळ्यात गळपट्टा कसा चालेल, असे मास्तर म्हणाले. गळा उघडा टाकला तर पोर बाहेर जाणार नाही, असे मामा म्हणाले. शेवटी मला पदराखाली लपवले. म्हणून त्या प्रयोगाला मी रंगमंचावर होतो.

पहिली पदे गोवर्धनने कशीबशी निभावली. खालच्या सुरात, तालमीतल्या चतुराईने. शेवटच्या प्रवेशात तो बंद दाराशी बसला आणि त्याने गाणे उचलले. पहिली ओळ खरखरत आली. दुसऱ्या ओळीला त्याने सूर वर नेला आणि तिथे काहीच नव्हते. तोंड उघडे, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि नुसती हवा. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा केला. त्याचा गळा माझ्या आत थरथरत होता. डोळ्यांतून खरे पाणी वाहू लागले.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, मित्रांनो. राजकन्या गुदमरते आहे, काय हुबेहूब करतो आहे पोर, म्हणून मांडव रडत होता आणि टाळ्या वाजवत होता. मामा सर्वांत पुढे बसून, डोळे पुसत, सर्वांत जोराने वाजवत होते. मास्तरांना मात्र कळले. ते दार उघडून आत आले, अमात्याची दोन वाक्ये बोलले आणि पडदा पाडायला लावला.

आत गेल्यावर त्यांनी आधी मला त्याच्या गळ्यातून सोडवले. गोवर्धन कनातीच्या आड लुगडे सोडायला गेला. मास्तर मला घडी घालून ठेवणार, तोच गॅसबत्तीच्या उजेडात त्यांना माझे टोक दिसले. त्यांनी बोट घासले. बोट लाल झाले. रंगपटात रोज रंग कालवणारा माणूस तो, त्याला काय सांगावे लागते?

"हा शेंदूर आहे," मास्तर म्हणाले.

मामा तिथे पोचलेच होते. "बघा. मी म्हणत नव्हतो? कोणी दिला? त्या पेटीवाल्याला धरा आधी."

"बळवंतराव, जरा थांबा. हा एका दिवसाचा डाग नाही. डागावर डाग आहेत. पोराचं तोंड याने कोण पुसतं?"

"मीच पुसतो. दुसऱ्या कोणाला हात लावू देतो का मी? शनिवारी मारुतीचं तेल देतो तेव्हा..."

मामा तिथेच थांबले. पुढचे वाक्य त्यांच्या तोंडातून आलेच नाही. ते माझ्याकडे बघत खाली बसले.  कनातीच्या पलीकडे पैंजण काढल्याचा आवाज आला.

राजवाड्याच्या वैद्यांनी तपासले. पोट सुधारेल, पण आवाजाची आशा धरू नका, म्हणाले. मास्तर घरी येऊन मामांना म्हणाले, "मुलाला खरं सांगा. तो शहाणा आहे."

"मोठा होऊ द्या. आत्ता त्याला सोसायचं नाही," मामा म्हणाले.

तिथेच माझा संताप कळसाला गेला. ज्या जपण्याने पोराचा आवाज गेला, त्याच जपण्याने आता त्याच्यापासून खरेही दूर ठेवायचे. त्याच आठवड्यात गोवर्धनने त्या घोगऱ्या, फुटक्या आवाजात विचारले, "मामा, उद्या शनिवार ना? तेल आणाल ना? आवाज परत यायला हवा."

मामा गेले. मारुतीकडे नाही, तेल्याच्या घाण्यावर. वाटीत साधे तिळाचे तेल घेऊन आले, आणि मारुतीचे म्हणून त्याला पाजले.  ओघळ पुसायला त्यांनी पुन्हा मलाच घेतले.

असे किती शनिवार गेले ते मी मोजले नाही. मास्तर दोनदा आले. आवाज नसला तर नसू दे, ते म्हणाले, याला सुरांचे ज्ञान आहे, पेटी शिकवतो, पदांना चाली लावेल. मामा म्हणायचे, आवाज परत आला की पाठवतो. खोटे एकदा सुरू केले की ते खरे असल्यासारखे वागावे लागते. पेटी शिकायचे वय आवाजाची वाट पाहण्यात गेले. बोहाड्याच्या उत्सवातली मुखवट्यांची सोंगे दारावरून वाजतगाजत जायची, तेव्हा गोवर्धन घरात बसून माझी टोके कुरतडायचा. ही टोके फक्त कसरीने खाल्लेली नाहीत.

पोशी एव्हाना पुन्हा घरात येऊ लागली होती. एका शनिवारी तिने चुलीशी लाकडे रचताना वाटीत डोकावून पाहिले. मामा बाहेर गेले होते.

"हा मारुतीचा तेल नाय," ती गोवर्धनला म्हणाली. "मारुतीचा लाल असतो. हा तं घाण्यावरचा."

"माहीत आहे," गोवर्धन म्हणाला.

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून. दसऱ्याला मी कनातीमागे होतो, सगळं ऐकलं."

पोशी हातातले लाकूड तसेच धरून उभी राहिली. "मंग पितोस कशाला?"

"मी तेल मागायचं आणि प्यायचं सोडलं तर मामांना कळेल की मला कळलंय. त्यांना सोसायचं नाही ते."

"तुमी दोगं बी येडे हाव," पोशी म्हणाली. "बोल ना त्याच्याशी. रड, भांड, काय बी कर. घरात दोनच मानसां, आन् दोगांचा बी तोंड बांधलेला."

तिने माझ्या मनातलेच सगळे बोलून दाखवले. पण तिचे कोणी ऐकले नाही. गोवर्धनने तिच्याकडून शपथ घेतली, आणि मामा आल्यावर मुकाट्याने वाटी संपवली.

गोवर्धन मोठा झाला, कोठीवरच कारकून लागला. मामा म्हातारे झाले आणि एका हिवाळ्यात अंथरुणाला खिळले. एका सकाळी त्यांनी गोवर्धनला जवळ बसवले. त्याचा हात धरला.

"गोवर्धन, ते शनिवारचं तेल," ते म्हणाले. "तुझा आवाज..."

मी त्याच्या गळ्यात होतो. माझा धागान् धागा ऐकायला उभा राहिला. बोला, मामा. इतक्या वर्षांनी का होईना, बोला. मग हा ओरडेल, रडेल, रागावेल, काहीतरी होईल.

गोवर्धनने मला आपल्या गळ्यातून काढले आणि मामांच्या गळ्याभोवती हळुवार गुंडाळले. "आता काही बोलू नका, मामा," तो म्हणाला. "दम लागेल. उद्या बोलू."

मामांचे ओठ हलले. मग त्यांनी भाच्याच्या तोंडाकडे पाहिले आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. मामांना त्रासातून वाचवले असे गोवर्धनला वाटले. मी त्या गळ्याशी होतो, मला ठाऊक आहे काय झाले. ते वाक्य तिथेच अडकून राहिले. सरणावर नेताना मला काढून ठेवले, नंतर ट्रंकेत टाकले, आणि मला पुन्हा कोणी घातले नाही.

मित्रांनो, लोकरीच्या वस्तूंना अधूनमधून ऊन दाखवत जा, नाहीतर त्यांना कसर लागते. माणसांचेही तसेच करा. तुमच्या घरात कोणी तुम्हाला फार जपत असेल, तर त्याच्यावर प्रेम करा आणि त्याच्याशी एकदा चांगले भांडाही. तुम्ही कोणाला जपत असाल, तर अधूनमधून त्यालाच विचारा, घट्ट होते आहे का. आणि कोणी तुमचा हात धरून काही सांगायला लागले, तर ते कितीही दुखणारे असो, त्याचे वाक्य त्याला पुरे करू द्या.